मूर्ती फुटते तेव्हा, बांगडी फुटते तेव्हा

गेल्या भीमजयंतीला आमच्या कॅम्पात स्टेजवरून मी एक कविता वाचली. कविता आईच्या बांगड्यांवर होती. आई घरी जीन्सचे धागे कापायला बसलीय, ठेकेदाराचा माणूस माल मोजून घ्यायला आलाय, पँटींचा गठ्ठा तिच्या हातावर आदळतो आणि हिरव्या बांगड्या फुटतात. मग काचा, मग रक्त, मग शेवटच्या ओळीत सूर्य. आमच्या कवितेत सूर्य ठरलेला असतो, तो उगवल्याशिवाय कवी स्टेजवरून खाली उतरत नाही. टाळ्या पडल्या. एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्यानं माईक घेऊन सांगितलं की ही बांगडी म्हणजे भांडवलशाही आणि ब्राह्मणशाहीच्या जात्यात भरडल्या जाणाऱ्या दलित स्त्रीचं प्रतीक आहे. मी मनातल्या मनात फुगलो.

घरी आलो तर आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या बांगड्या कामावर न्हाई फुटल्या रे. तुझ्या दादांनी फोडल्या."

आणि भाकरी तव्यावर टाकली.

दादा म्हणजे माझे वडील. १९७८ साली मराठवाड्यात नामांतरावरून दलितांच्या वस्त्या जाळल्या, तेव्हा ज्यांचं घर गेलं त्या घरातला हा पोरगा. पुढं नामांतरासाठीच लाठ्या खाल्ल्या, उल्हासनगरला आले, पंखे दुरुस्त करून आम्हाला वाढवलं. बाबासाहेब मला त्यांनीच वाचायला लावले. त्यांच्याविषयी ही ओळ लिहिताना पेन अडतं. पण ही ओळ टाळली तर पुढचा सगळा लेख त्या कवितेसारखाच होईल.

प्रश्न असा आहे, मित्रहो. माझी कविता खोटी होती का? ठेकेदार काही खोटा नाही. एका पँटीमागं तो काय टेकवतो ते वस्तीतल्या बायांना विचारा. आईची बोटं कात्रीनं कापतात, तेही खरंच. फक्त त्या बांगड्या त्यानं फोडलेल्या नव्हत्या. मी एकाचा गुन्हा उचलला आणि दुसऱ्याच्या खात्यावर मांडला, आणि दुसरा तसाही गुन्हेगारच आहे म्हणून मला ते जड गेलं नाही. मग त्याला प्रतीक म्हणालो. चळवळीत हे चालतं का?

या प्रश्नाचं भूत डोक्यात असतानाच अंबरनाथ स्टेशनाबाहेर रद्दीवाल्याकडं खालिद हुसैनीची कादंबरी मिळाली, 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स', मराठीतली. मूळ पुस्तक २००७ चं. हुसैनी काबूलमध्ये जन्मलेला, लहानपणीच देश सुटला, अमेरिकेत डॉक्टर झाला आणि मग लेखक. मी बदलापूरच्या गिरणीत रात्रपाळीला जातो, उल्हासनगर ते बदलापूर दोनच स्टेशनं, त्यात चार पानं होतात. त्या हिशेबानं ही कादंबरी मला दोन महिने पुरली. काही पानं वाचून झाल्यावर मशीनवर उभं राहणं अवघड झालं, हेही सांगतो.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मरियम ही हेरातच्या एका श्रीमंत माणसाची लग्नाबाहेरची पोर. गावाबाहेर मातीच्या खोपटात आईबरोबर वाढते. पंधराव्या वर्षी तिला काबूलच्या रशीदच्या गळ्यात बांधतात, तो वयानं तिच्या तिप्पट. पुढं युद्धात आईबाप गेलेली लैला त्याच घरात दुसरी बायको म्हणून येते. दोघी आधी सवती, मग मायलेकींसारख्या. रशीद लैलाचा गळा दाबत असताना मरियम फावडं उचलते आणि त्याला मारते. तिला काबूलच्या गाझी स्टेडियमवर लोकांसमोर गोळी घालतात.

हा रशीद जोडे शिवणारा आहे. कष्टकरी माणूस, हाताला चामड्याचा वास. आपल्याकडं असता तर आपण त्याला आपला म्हटला असता, त्याच्या दुकानावर निळा झेंडा लागला असता. मला हे पान सारखं टोचत राहिलं. हाताला घट्टे असलेला माणूस घरातही न्यायाचा असतो, असं आपण धरूनच चालतो. आपल्या किती कविता या एका गृहीतावर उभ्या आहेत!

एका प्रसंगात रशीदला भात कच्चा लागतो. तो बाहेर जाऊन मूठभर खडे आणतो, मरियमच्या तोंडात कोंबतो आणि चाव म्हणतो. तिच्या दोन दाढा तुटतात. आपल्या भाषेत घासात खडा लागला म्हणतात, ते इतक्या सहज की दात कुणाचा गेला ते कुणी विचारत नाही.

आमचा अभ्यासवर्ग दर दुसऱ्या रविवारी विहारात बसतो. तिथं मी ही कादंबरी सांगायला घेतली. पोरं जांभया देत होती. बामियानचं पान आलं आणि सगळे ताठ झाले. लैलाचा बाप मास्तर आहे. तो लैलाला आणि तिच्या दोस्ताला, तारिकला, बामियानच्या बुद्धमूर्ती दाखवायला नेतो. डोंगराच्या कड्यात कोरलेल्या दोन उभ्या मूर्ती, मोठी पन्नास मीटरच्या वर. तिघं आतल्या जिन्यानं माथ्यापर्यंत चढतात आणि वरून खालचं खोरं बघतात. त्या मूर्ती तालिबाननं मार्च २००१ मध्ये तोफा आणि सुरुंग लावून उडवल्या. इथं आमचा एक कार्यकर्ता उभाच राहिला. म्हणाला, आपला बुद्ध उडवला भडव्यांनी, हाच या कादंबरीचा खरा विषय आहे.

अंबरनाथहून येणारी एक मुलगी आहे, नर्सिंग शिकते, फार बोलत नाही. तिनं विचारलं, "भाऊ, तालिबान काबूलमध्ये आलं कधी?"

मी म्हटलं, सप्टेंबर १९९६.

"म्हणजे मूर्ती उडवायच्या आधी साडेचार वर्षं बाया घरात कोंडलेल्या होत्या. लैलाचं पोट भूल न देता फाडलं, कारण बायकांच्या दवाखान्यात औषधच नव्हतं. ते पान तुम्ही मघाशी वाचलंत तेव्हा कुणी उभं राहिलं नाही."

विहारात पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

मला उत्तर सुचलं नाही, अजून नीट सुचलेलं नाही. पण एक गोष्ट नंतर कळली ती तिला सांगितली. बामियानच्या भागातल्या हजारा लोकांच्या दंतकथेत त्या मूर्ती म्हणजे एक जोडपं होतं. मोठ्या मूर्तीला ते सलसाल म्हणत आणि धाकटीला शहमामा. धाकटी मूर्ती ही त्यांच्या लेखी बाई. म्हणजे त्या खोऱ्यातल्या माणसांच्या डोळ्यांपुढं मार्च २००१ मध्ये एक बाईसुद्धा सुरुंग लावून उडवली गेली. जगाच्या वर्तमानपत्रांना दोन बुद्ध दिसले. ती हसली आणि म्हणाली, "बघा, मूर्तीतसुद्धा तिला कुणी मोजलं नाही."

हे दूरचं झालं. आता उल्हासनगरचं.

२९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि सुधीर, रोशन ही दोन मुलं जमावानं मारली. ती बातमी नीट बाहेर येऊन माणसं रस्त्यावर यायला महिना लागला. नोव्हेंबरात विदर्भ पेटला. मग कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याची बातमी आली आणि ३० नोव्हेंबरला आमच्या उल्हासनगरात डेक्कन क्वीन अडवली, प्रवाशांना उतरवलं आणि डबे पेटवले. मी लहान होतो. आमच्या पत्र्यावरून धूर दिसला. आईनं मला आत ओढून कडी लावली. दादा घरात नव्हते.

त्या आगीत खैरलांजीचाही राग होता, असं वस्तीतली जाणती माणसं सांगतात आणि मला ते पटतं. पुतळा आपल्यासाठी दगड नसतो. ज्याला पाण्याला हात लावू दिला नाही, त्या माणसाचा हात चौकात उंच धरलेला आहे, बोट पुढं आहे. त्या पुतळ्याला हात लागला की प्रत्येकाला आपल्याच थोबाडीत बसल्यासारखं वाटतं. हे ज्याला कळत नाही त्यानं आपल्याशी बोलूच नये. तरीसुद्धा, मित्रहो, पुतळ्याच्या बातमीवर गाडी पेटायला एकदोन दिवस लागले आणि सुरेखाबाई, प्रियंका यांच्या बातमीवर माणूस हलायला महिना लागला. हा हिशेब मी लहान होतो म्हणून सोडून देता येत नाही. पुतळ्याला नवरा नसतो, शेजार नसतो, त्याच्याविषयी कुणी कुजबुजत नाही की बाईच तशी होती. पुतळ्यावरचा अन्याय स्वच्छ असतो. बाईवरच्या अन्यायात लगेच कुणीतरी घाण कालवतो, आणि आपण थबकतो. खैरलांजीत चारित्र्याची कुजबुज झालीच ना?

प्रतीक नकोच असं मी म्हणत नाही. आपला सगळा लढा प्रतीकांवर उभा आहे. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं म्हणून कुणाची तहान कायमची भागली नव्हती. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, तिच्या प्रती काही देशातून संपल्या नाहीत. पण त्याच महाडच्या परिषदेत बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले, ते आपण भाषणात कमी सांगतो. लुगडं कसं नेसायचं, हातापायांतले जुन्या पद्धतीचे जडशीळ दागिने का टाकायचे, याविषयी ते बोलले. गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि ते दागिने बघून बाई कुठल्या जातीची ते लांबून ओळखू यायचं. आणि बायांनी नेसणं बदललं. तिथल्या तिथं.

माझ्या दृष्टीनं अख्ख्या चळवळीतलं हे सगळ्यात मोठं प्रतीक आहे, आणि ते एकाही चौकात उभं नाही. अंगावरची खूण जिची तिनं उतरवली. दुसऱ्या कुणी तिच्या अंगावरून फेडली नाही. वर बोट ठेवायचंच तर इथं ठेवावं.

कादंबरीतल्या बुरख्याकडंही मी मग असंच बघायला लागलो. आमच्या वर्गात एकजण लगेच म्हणाला होता, बुरखा म्हणजे गुलामी, विषय संपला. पण हुसैनीनं तो विषय संपवलेला नाही. मरियम पहिल्यांदा बुरखा घालते तेव्हा ती अडखळते, गुदमरते, आणि काही वेळानं तिला आत थोडं बरंही वाटतं. आतून तिला जग दिसतं, जगाला ती दिसत नाही, तिच्या जन्माची लाज कुणाला वाचता येत नाही. लाज ज्यांनी चिकटवली तेच लाज झाकायला कापड देतात. आणि तिला बुरखा घालायला लावणारा रशीद आपल्या खणात नागड्या बायांची मासिकं ठेवतो. घराण्याची इज्जत बायकोच्या तोंडावर, आणि आपली मौज खणात. हे अफगाण नाही, हे मी आमच्या गिरणीतल्या मोबाइलांवर रोज बघतो.

आता खरं सांगायचं ते. मरियमसाठी आमच्या वर्गातली पोरं रडली. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचायला दिलं तेव्हा तीच पोरं गप्प झाली. एकजण म्हणाला, हे आता कशाला उगाळायचं?

काय आहे त्या पुस्तकात? पुरंदर तालुक्यातलं वीरगाव, महारवाडा, उपास, मेलेली जनावरं, पोतराज, आणि त्यात बाया. आठ-नऊ वर्षांच्या सुना. भाकरी बिघडली तर सासू ती शेजारणींना दाखवत फिरायची. खडे आणि भाकरी, दोन्हीकडं पोरीचा न्याय ताटावरच. छळाला कंटाळून सून माहेरी पळाली की तिला धरून आणायचे आणि पायात लाकडाचा खोडा अडकवायचे. सुतारानं करून दिलेलं जड ओंडकं, मधे भोक, त्यात पाय. ते ओढत तिनं घरकाम करायचं. पाय सोलून रक्त यायचं. संशयावरून बायकोचं नाक कापलेलंही बेबीताईंनी लिहिलं आहे. आपल्या भाषेत घराण्याचं नाक म्हणतात, आणि ते घराण्याचं नाक बाईच्या तोंडावर बसवलेलं असतं. कापायची वेळ आली की तिचंच कापतात.

आणखी एक गोष्ट त्या सांगतात, ती पोरांना फार झोंबली. चार पैसे असलेल्या महाराच्या घरात बाईला उंबऱ्याबाहेर पडू द्यायचे नाहीत. घरातली बाई जितकी कोंडलेली, तितकी घराची इज्जत मोठी. बेबीताईंचे वडील ठेकेदार होते, त्यांनी त्यांच्या आईला असंच पिंजऱ्यात ठेवल्यासारखं ठेवलं होतं. म्हणजे ज्या गावानं महाराला वेशीबाहेर ठेवलं, त्या गावाकडून महार माणूस काय शिकला? तर इज्जत मिळवायची असेल तर आपणही कुणालातरी आत कोंडावं. बाबासाहेब मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातींवर निबंध वाचतात, तेव्हा हीच गाठ दाखवतात. जात आपल्याआपल्यातच लग्नं लावून टिकते, त्यासाठी बाईला ताब्यात ठेवावं लागतं, म्हणून सती, म्हणून सक्तीचं वैधव्य, म्हणून बालविवाह. आणि वरचे जे करतात त्याची खालचे नक्कल करतात. खोडा करणारा सुतार आणि वेस बांधणारा गवंडी एकाच पेढीवरून मजुरी घेत होते. हे आपण भाषणात म्हणतो. घरात म्हणत नाही.

का म्हणत नाही, याचं कारण नुसतं पुरुषी आहे असं मी म्हणणार नाही. त्यात खरी भीती आहे. आपल्या घरातलं बाहेर सांगितलं की बाहेरचा ते उचलतो आणि आपल्यावरच फेकतो. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतल्या 'टाइम' मासिकानं मुखपृष्ठावर एका अठरा वर्षांच्या अफगाण मुलीचा फोटो छापला. तिचं नाक कापलेलं. सोबत मथळा असा की आपण अफगाणिस्तान सोडून गेलो तर काय होईल. म्हणजे तिचं नाक फौज ठेवण्यासाठी कामाला आलं. फौज तर तिथं आधीच नऊ वर्षं होती, आणि नाक फौज असतानाच कापलं गेलं होतं, हे मथळ्यात नव्हतं. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये परत आलं. सहावीच्या पुढं मुलींना शाळा बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठं बंद, ऑगस्ट २०२४ च्या कायद्यानं बाईचा आवाजसुद्धा घराबाहेर ऐकू येता कामा नये. मुखपृष्ठ छापणारे आता दुसऱ्या विषयावर गेले.

तर ही भीती खरी आहे. उद्या माझ्या आईच्या बांगड्या कुणीतरी उचलेल आणि म्हणेल, बघा, हे स्वतःच बायकांना मारतात, यांना कसला न्याय पाहिजे. असं म्हणणारे आमच्या गिरणीत आहेत, पाळी बदलताना भेटतात. त्यांच्या घरी बांगड्या फुटतात की नाही ते मात्र कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या भिंती पक्क्या आहेत आणि आमच्या पत्र्याच्या.

पण त्या भीतीची किंमत कोण भरतं? बेबीताईंनी भरली. फलटणला नवऱ्याबरोबर दुकान चालवायच्या. तो माल आणायला गेला की वही काढायची, आला की लपवायची. वीसेक वर्षं ते लिखाण घरातच दडून राहिलं. १९८२ साली 'स्त्री' मासिकात छापून यायला लागलं, १९८६ ला पुस्तक झालं. त्या पुस्तकात दुसऱ्या बायांचा खोडा आहे, दुसऱ्यांची कापलेली नाकं आहेत. स्वतःचा मार नाही. तो कळला खूप नंतर. २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आलं, त्यातल्या मुलाखतीत त्या सांगतात की मुंबईला सभेला जाताना गर्दीच्या डब्यात पोरं आपल्याकडं बघत होती, एवढ्यावरून नवऱ्यानं इतकं मारलं की नाकातून घळाघळा रक्त आलं. सभेला जाताना! पुस्तकात हे का लिहिलं नाही, तर सगळ्याच बाया सोसत असताना माझं एकटीचं काय सांगायचं, असा त्यांचा भाव.

मी या जागी बराच वेळ थांबलो. हुसैनी पुरुष आहे, त्यानं मरियमच्या हातात फावडं दिलं आणि वाचणाऱ्याला मोकळं केलं. बेबीताई स्वतः बाई, स्वतः सोसलेल्या, त्यांनी स्वतःच्या हातात काहीच दिलं नाही. नाकातलं रक्तसुद्धा पुसून बाजूला ठेवलं आणि समाजाचं आधी लिहिलं. कादंबरी मोठी की ही न लिहिलेली पानं मोठी, ते मला ठरवता येत नाही. एवढं कळतं की आपण 'समाजाचं आधी' म्हणतो तेव्हा रक्त पुसून ठेवणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाईच असते. पुरुष कार्यकर्त्यानं आपला मार कधी बाजूला ठेवलाय? दादांच्या पाठीवरच्या लाठीचा वळ मला लहानपणापासून पाठ आहे. त्यांनी तो दाखवला म्हणून. आईच्या मनगटावरचा ओरखडा मी पंचवीस वर्षं बघत आलो, आणि तो कात्रीचा समजून कविता लिहिली.

बदलापूरचंही एक बोललं पाहिजे, नाहीतर मी फक्त आपल्या वस्तीवर घसरलो असं होईल. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला होता, राग खरा होता. मी पाळीवरून सुटलो तो त्याच गर्दीत गेलो. दिवसभर गाडी हलली नाही. फाशी द्या, आत्ता द्या, ही एकच घोषणा. मीही दिली. पुढच्याच महिन्यात, खटला चालण्याआधीच, आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला आणि पेढे वाटणारे लोक मी बघितले. मरियमला गोळी घालतात त्या स्टेडियमचं पान मी नंतर वाचलं आणि मला ती घोषणा आठवली. तिथला गुन्हा वेगळा, न्याय वेगळा, हे मला समजतं. पण लोकांची मान एकाच बाजूला वळते. शाळेत मुलींच्या संडासापाशी बाईमाणूस का नव्हतं, तक्रार घ्यायला उशीर का झाला, हे प्रश्न घोषणेत बसत नव्हते. गर्दी ओरडत होती 'आमची लेक, आमची इज्जत'. त्या दोघींचं पुढं काय, त्यांना झोप लागते का, हे विचारायला रुळांवर यावं लागत नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. मीही नाही.

परवा रविवारी सुट्टी होती. आई धागे कापत बसली होती, मी शेजारी बसून पँटी उलट्या करून देत होतो. विचारलं, "कधीचं ते? बांगड्यांचं."

"तू पोटात होतास."

"कशावरून?"

"मोर्चाला जायचं म्हणले मी. महिला मंडळाच्या बाया चालल्या होत्या. ते म्हणले, पोटुशी बाई रस्त्यावर जाती का? मी म्हणले, तुमच्यासारखंच मलाबी नाव पाहिजे ना बाबासाहेबांचं. तेवढ्यावरून."

कात्री चालूच होती. मी विचारलं, मग गेलीस का?

"गेले की. बिनबांगड्याची. बाया म्हणल्या, अगं हात मोकळे कसे? म्हणलं, घोषणा द्यायला बरं पडतं."

मी म्हटलं, ही कविता मी बदलतो. आणि लेखही लिहितो, आपल्या अंकात. तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही. चार पँटी झाल्या. मग म्हणाली, "लिही. माझं नाव घालू नको. त्यांचंबी घालू नको. आणि हे बघ, तू कवितेत डझनभर बांगड्या लिहिल्यात. सात होत्या. डावीकडं चार, उजवीकडं तीन. एक आधीच फुटलेली."

अंक सायक्लोस्टाइल होऊन आला की पहिली प्रत दादा घेतात. चष्मा लावून शेवटच्या पानापासून सुरू करतात, शुद्धलेखनाच्या चुकांखाली लाल रेघ ओढतात आणि मला परत देतात.